अस्सल बरहुकूम

हिंगोलीत, जुन्या छावणीच्या अंगाला
मुनीरखाँचं कल्हईचं दुकान.
कल्हई आता कोण करतं,
तो कुकरच्या शिट्ट्या बदलतो, शेगड्या खोलतो.
नवसागराच्या डब्याशेजारी फळीवर
एक खोलगट बशी.

काल पुण्याचा माणूस आला, भिंग घेऊन.
बशी उलटी केली, नखानं वाजवली,
आणि आमचा चहा गार होईस्तोवर बोलत राहिला.
चीनमधली भट्टी. गोऱ्या सरदाराची ऑर्डर.
अडीचशे वर्षं तरी. ही ढाल, हा वर सिंह.
चितारणाऱ्यानं सिंह कधी पाहिला नव्हता,
म्हणून असा.

असा म्हणजे कान पडलेला, मिशीवाला.
दुकानातली पोरं त्याला मोत्या म्हणतात.

काठाजवळ एक काळा ठिपका.
लहानपणी मी माशी समजून हाकलायचो.
तो हसला. म्हणाला,
तिकडून आलेल्या नमुन्याच्या कागदावर शाई सांडली असणार.
कारागिरानं शाईसुद्धा उतरवली,
जितक्या बश्या तितक्या वेळा.

मी नाही हसलो.
तहसिलीत एकतीस वर्षं नकला केल्या मी.
कळमनुरीकडच्या एका गयाबाईची
कुणीतरी आधीच गायबाई करून ठेवली होती.
चार खेपा घातल्या तिनं, भाकरी बांधून.
चारही वेळा मी गायबाईच लिहिली,
खाली 'अस्सल बरहुकूम', सही, शिक्का.

त्या चितारणाऱ्याला निदान
ती लिपी येत नव्हती.

बशीच्या पाठीला पितळेचे अकरा टाके.
मेसच्या लिलावात फुटकी म्हणून फुकट आलेली,
मुनीरखाँच्या आज्यानं सांधलेली.
'टाक्यांनी भाव पडतो,' पुण्याचा माणूस म्हणाला,
'तरी आठ हजार देतो.'

मुनीरखाँनं तांब्या घेतला, बशी काठोकाठ भरली
आणि त्याच्या पांढऱ्या रुमालावर ठेवली.
'बघा.'

आम्ही तिघं बघत बसलो.
बाहेर एसटीचा हॉर्न, मग वसमतची गाडी गेली.
रुमाल कोरडा.
पाण्याखाली मोत्या जरासा हलत होता.

तो म्हणाला, नऊ.
मुनीरखाँ काही बोलला नाही.
मी पाण्यात बोट घालून डाग चोळून पाहिला,
उगाच.
निघत नाही. काचेच्या आत आहे.