दहा बावन्न

"चित्रफीत जोडावी" या ओळीवर मुख्याध्यापिकांनी
शाळेचा गोल शिक्का असा मारला
की ओळच दिसेनाशी झाली.
मुलींचं वसतिगृह आहे हे, म्हणाल्या.
मोबाइल कपाटात. किल्ली माझ्याकडे.

मग परवान्यासाठी उरला कागद.
पाठाचं टाचण, मुलींच्या पाच वह्या,
फळ्याची नक्कल आलेखाच्या कागदावर,
आणि मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसलेली
वेणू बेडसे, माझ्याच तुकडीची,
मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलेलं.
तिच्या तक्त्यात दोन रकाने:
शिक्षिका बोलली. मुली बोलल्या.

खिडकीपलीकडे नंदुरबारची मिरची
पथारीवर पसरलेली, नजर जाईल तिथवर.
वारा फिरला की अख्खी पाचवी शिंकते.
वेणूने तेही टिपलं:
१०.४१, वर्ग शिंकला, शिक्षिकासुद्धा.
कुठल्या रकान्यात?
मधल्या रेघेवर.

रात्री खोलीवर मी आधी आठवणीतून लिहिलं.
आठवणीचं अक्षर फार वळणदार.
तिच्यात मी थांबते, वाट पाहते,
एकेकीला नावाने हाक मारते,
आवाजसुद्धा माझ्यापेक्षा मऊ.
"१०.५२: इंदली मालचे हिचे उत्तर चुकले.
शिक्षिकेने प्रेमाने दुरुस्त केले."
वाचताना मलाच माझा वर्ग आवडला.

मग वेणूचा तक्ता उघडला.

१०.५२
शि.: अर्धं मोठं की पाव? सांग पटकन.
इंदली: कसानं अर्धं? कसाना पाव?
शि.: बस खाली. दुसरं कोण सांगेल?

मी असं म्हटलं?
वेणू मोरीत ताटं विसळत होती.
"तू बोलनी ते मी लिखं," म्हणाली.
आणि जरा वेळाने, पाणी बंद करून,
"खोडरबर दप्तरमा शे."

खोडरबर खरंच होतं. पांढरं, एका कोपऱ्याने झिजलेलं.
ते मी बराच वेळ हातात धरून बसले.

इंदलीची आई त्या पथारीवर देठ खुडते.
मजुरी किलोवर.
रविवारी इंदलीही खुडते, आणि सोमवारी
वहीला हात लावण्याआधी बोटं शर्टाला पुसते.
अर्धी टोपली आणि पाव ढीग
यातलं जड काय, हे तिच्या बोटांना
माझ्या पुस्तकाच्या आधीपासून ठाऊक.
तिने उत्तर दिलंच नव्हतं. तिने विचारलं होतं.
मी तुकडे दाखवत होते
आणि अख्खं काय, ते सांगायला विसरले होते.

चित्रफीत असती तर तेवढा भाग मी कापला असता.
माझा मला अंदाज आहे.

माझ्या दोन ओळींवर एकच रेघ मारली,
खालचं वाचता येईल अशी.
वेणूच्या तीन ओळी शाईने उतरवल्या.
"अध्यापनातील उणीव" यापुढे दीड ओळ जागा होती.
लिहिलं: कशाचा, हे सांगितलं नव्हतं.
अर्धी ओळ रिकामी राहिली.

दुसऱ्या दिवशी वेणूचा पाठ दुसऱ्या शाळेत.
मी एकटीच गेले, पदरात चिंचोके बांधून.
टेबलावर एक मूठ ठेवली, शेजारी एक ढीग.
इंदली, कालचं पुन्हा विचार.
ती उठेना. चप्पल नसलेला पाय
दुसऱ्या पायावर घासत राहिली.
मग मी तिच्या जागेवर जाऊन बसले,
आणि ती फळ्याशी गेली.

पुढचं मोजायला घड्याळ नव्हतं.
एवढं आठवतं की मला दोनदा हात वर करावा लागला
आणि दुसऱ्यांदाच तिने मला बोलू दिलं.

खिडकीत लोटनबापू उभे, घंटेचा दांडा काखेत.
"मी देखं, बाई. सही करू का?"
इथे रकाना नाही, बापू.
बापूंनी मान हलवली, तिथेच उभे राहिले,
आणि त्या दिवशी मधल्या सुटीची घंटा
पाच मिनिटं उशिरा झाली.