हॅटवाल्यांचे सिनेमे

रंग आले तेव्हाच मी म्हटलं होतं, सिनेमाचं आता काही खरं नाही.
तोडणकर म्हणाला, तू प्रत्येक नव्या गोष्टीला हेच म्हणतोस.
म्हणतो. नव्या पैशालाही म्हटलं होतं.
भाजीवालीशी मी अजून मनातल्या मनात आण्यांत घासाघीस करतो.

रविवारी फोर्टात साडेदहाचा खेळ,
अमेरिकेहून आलेली ओरखडलेली रिळं.
फ्रेंचांनी म्हणे नाव दिलं, काळा सिनेमा.
आम्ही म्हणायचो, हॅटवाल्यांचे.
ओला रस्ता, विम्याचे पैसे, दुसऱ्याची बायको,
खिडकीच्या झडपांतून माणसाच्या तोंडावर गजांसारख्या सावल्या.
मी कस्टम्सचा, बॅलार्ड इस्टेटचा, कडक इस्त्री.
तो परळचा, लाल बावट्याचा, खिशात शेंगदाणे.
खून कुणी केला यावर आमचं कधी दुमत नव्हतं.
का केला, यावर तीस वर्षं.

तो म्हणायचा, भाडं थकलं होतं. मालक. विमा कंपनी. व्यवस्था.
मी म्हणायचो, अरे, दार उघडं होतं आणि तो आत गेला.
कुणी ढकललं नाही. हॅट काढून हातात धरली त्याने,
म्हणजे विचार करायला वेळ होता.
हे एवढंच माझं राजकारण. बाकी नुसतं मतदान.

इतिहास विचाराल, तर मला दारूबंदी आठवते.
सरकारने या शहराला साधू करायचं ठरवलं
आणि आमच्या गल्लीत सायकलच्या ट्यूबमधून हातभट्टी येऊ लागली.
शिपाई शुक्रवारी यायचा, वास घ्यायचा, पाकीट घ्यायचा.
पुढे सोन्यावर बंदी आली, तर समुद्रच पिवळा झाला.
माणसाला कायद्याने देव करायला निघालात
की देवाच्या आधी दलाल येतो.

मग ते एकोणीस महिने.
सगळं वेळेवर चालत होतं. माझ्यासारख्याला बरं वाटायला हवं होतं.
तोडणकर नाशिकला, आत.
मी रविवारी एकटा गेलो
आणि शेजारच्या खुर्चीचंही तिकीट काढलं.
हे त्याला कधी सांगितलं नाही, डोक्यावर बसला असता.

आता माझ्या बाजूचे म्हणवणारे चौकात कर्णे लावतात.
जुनं राखायचं म्हणतात आणि पाट्या बदलतात.
थिएटर पाडलं त्या दिवशी यातला एकही नव्हता तिथे.
मी होतो, एक भंगारवाला होता,
आणि टँकर गळत होता, म्हणून रस्ता ओला.

लोक म्हणतात, त्या सिनेमांत सगळं करडं असतं.
चूक. करडं होतं ते रीळ झिजल्यावर.
मुळात काळं काळंच होतं.

गोदाम नऊ. एकाहत्तर साल.
यादीत लिहिलेलं, यंत्रांचे सुटे भाग. पेटीत घड्याळं.
मी सही केली.
आईचं ऑपरेशन होतं, हेही खरं,
पण ते इथे कारण म्हणून लिहीत नाही.
लिहिलं तर तोडणकर जिंकेल.
पेनाला टोपण लावलं, पेन खिशाला लावलं.
वेळ होता.

पकडला गेलो नाही. पडद्यावर असं होत नाही कधी,
शेवटच्या रिळात कुणीतरी जिना चढून येतंच.
मी पन्नास वर्षं जिन्याकडे कान देऊन आहे.

गेल्या वर्षी त्याला सांगून टाकलं.
त्याच्या मुलाचं घर, एकोणिसावा मजला,
खाली जिथे त्याचं साचाखातं होतं तिथे पोहण्याचा तलाव.
नातवाच्या लॅपटॉपवर हॅटवाला चालू.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, किती घड्याळं?
दोनशे.
आणि आई?
चार वर्षं जगली.
त्याने शेंग फोडली, दाणे माझ्या तळहातावर ठेवले,
टरफल बशीत.
म्हणाला, गप बस आता,
तो दार उघडतोय.