जिथे शून्य हवं

डोलोनच्या घाटात तीनदा बंद पडली, असानकुल म्हणाला,
तीनदा मेंढ्यांच्या ट्रकामागे दोर बांधून आणली.
ऑडी शंभर. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी.
दोन पंप बदलून झाले होते,
दोन्ही सुरगुतहून मुलानं पाठवलेल्या पैशांतले,
आणि तिसरा मांडीवर, खोक्यात,
तान्ह्या पोरासारखा धरलेला.

बुरुलआत्यानं खोक्याकडे बघितलंसुद्धा नाही.
"किल्ली फिरव," म्हणाली, "आणि गप्प बस."
आम्ही मागच्या चाकापाशी कान देऊन उभे.
धड गाडी सुरू होण्याआधी जरा गुणगुणते,
सेकंदभर, फार तर दोन.
इथे फक्त वारा,
आणि गॅरेजच्या पत्र्यावर कावळ्याची नखं.

फ्यूज शाबूत.
रिले बोटांखाली टक् करून बोलला,
म्हणजे हुकूम सुटतोय.
आत्यानं तो उपटला, जागी तारेचा तुकडा अडकवला.
आता मध्ये कुणी साहेब नाही,
बॅटरीची गाठ थेट पंपाशी.
पंप तरी मुका.

डिकी उघडून प्लग काढला, टेस्टरचा दिवा लावला.
लख्ख पेटला.
"करंट येतोय! म्हणजे पंपच मेलाय!"
असानकुल खोक्याची चिकटपट्टी नखानं उकरायला लागला.
"थांब," आत्या म्हणाली.
"दिव्याला घोटभर पुरतं. पंपाला घागर लागते."

प्लग परत जोडला.
मीटरची एक सुई पंपाच्या तपकिरी वायरीत,
दुसरीला लांब वायर जोडून मी पुढे,
बॅटरीच्या उणे टोकावर दाबून धरलेली.
"किती?" मी ओरडलो.
"नऊ पूर्णांक दोन. किती हवं होतं?"
एवढं मला येत होतं.
शून्य.

बारातले नऊ वाटेतच बसून राहिलेले.
यायला रस्ता होता,
परत जायला नव्हता.
असानकुल काही बोलला नाही.
खोक्यावरची पावती अंगठ्यानं सारखी करत राहिला.

डिकीतला गालिचा सोलला तसा आधी वास आला,
मग दिसलं:
जिथे तपकिरी वायर पत्र्याला भेटते
तिथे हिरवं-पांढरं पीठ, आणि पिठात बुडालेला बोल्ट.
आत्यानं बोट लावलं, हुंगलं.
"किमिझ. किती वर्षं डिकीतून नेतोस?"
"माझं सांडत नाही."
तिनं गालिच्याचा कोपरा त्याच्या नाकाखाली धरला.
"हा," तो म्हणाला, "मेव्हण्याचा असेल."

नवा पंप बसवताना वायर हलायची,
हलली की महिनाभर चालायची,
आणि सगळे म्हणायचे, बघा, पंपच होता.

बोल्ट आठ मिनिटं सुटेना. शिव्या चार भाषांतल्या.
मग पॉलिशपेपर, पत्रा आरशासारखा होईतो,
नवं टर्मिनल, नवा बोल्ट, वर ग्रीसचा गोळा.
किल्ली.
टाकीच्या पोटातून ते गुणगुणणं आलं
आणि मीटरवर शून्य,
अगदी शून्य नाही, पाच शतांश, पण तेवढं चालतं.

"एवढंच?" असानकुलनं विचारलं.
"एवढंच."
त्यानं सुरगुतला फोन लावला. वाजत राहिला.
"पाळीवर असेल," तो आमच्याकडे न बघता म्हणाला.
मग, खोकं पुढे करून: "हा परत घेतील का?"
"बिश्केकमध्ये? पावती असेल तर.
आणि दुकानदाराचं पोट बरं असेल तर."

मजुरी दिली. वर पाच लिटरचा कॅन, घोडीचं आंबलेलं दूध,
झाकणापाशी ओलसर.
दुसरा तसाच कॅन उचलून
तो सवयीनं डिकीकडे वळला.
आत्यानं डिकी आपटली.
"पुढच्या सीटवर ठेव."
ठेवला.
"पट्टा लाव."