पंखा बोटानं फिरवून बघावा

जुन्या बाजारात प्लग नसतो कुठंच,
म्हणून नाकानं सुरुवात करायची.
जाळी काढून वास घ्यायचा.
जळकट आला तर कॉइल गेलेली,
कुबट आला तर कुणीतरी पाणी ओढलंय त्यानं, ठेवून द्यायचा.
नुसता धुळीचा आला तर उकिडवं बसायचं
आणि पंखा बोटानं फिरवून बघायचा.
बोट काढल्यावर तो आपणहून
अजून एक वेढा घेतो का,
तेवढंच.

विकणारा म्हणतो, मावशी, चालू माल आहे.
मी म्हणते, चालू असता तर तुझी गोधडी अशी असती का?
तो हसतो. चारशेचे अडीचशे होतात.
पाइपाचे वेगळे पन्नास.

सहकारनगरच्या दोन खोल्यांत असे सहा आहेत.
लाल पत्र्याचा, जो उंबऱ्यावर दर वेळी हटून बसतो.
उभा, खाकी पिशवीचा: बटण दाबलं की
पंगतीतून उठलेल्या मामासारखा फुगतो.
हिरव्याची वायर कापडाची, तो फक्त दिवाळीआधी.
बाकी तिघांची पाळी असते, मी वहीत लिहिते.
प्लास्टिकचे घेत नाही.
दोन उन्हाळ्यांत पापड होतो त्यांचा.

हिंजवडीच्या भाच्यानं साठीला एक चपटा, गोल दिला.
आत्या, तू नुसती बसून राहा, म्हणाला.
बसले.
तो कॉटखाली गेला आणि तिथून
इंग्रजीत मदत मागू लागला.
काठीनं ओढून काढला.
आता धाकट्या जावेकडे असतो, सुखी आहे.

मी आठवीत असताना टाय लावलेला एक मुलगा आला होता,
भर दुपारी, घामानं कॉलर काळी.
त्यानं आमच्या गादीवरून यंत्राचं तोंड फिरवलं
आणि पांढऱ्या कागदावर
करड्या धुळीचं गोल वर्तुळ आईसमोर धरलं.
आईनं त्याला चहा दिला, बिस्किटं दिली.
तो जिना उतरल्यावर सगळ्या गाद्या गच्चीत नेल्या
आणि दिवे लागेपर्यंत काठीनं झोडपत राहिली.
हप्ता किती, हेसुद्धा तिनं विचारलं नव्हतं.

नवा म्हणजे जुना घरी आणला की
आधी पिशवी रिकामी करते, रविवारच्या पेपरावर.
दुसऱ्या कुणाचं घर पडतं त्यातून:
मांजराचे केस, पेन्सिलीची साल,
साबुदाण्याचे चार दाणे, टिकली.
हिरव्यातून एक दुधाचा दात निघाला.
टाकवेना.
काड्यापेटीत आहे, देवघराच्या खणात.
देवाला काय वाटत असेल, कुणास ठाऊक.

नाना पेठेत गड्डम वाइंडिंग करतो.
म्हणजे करायचा.
परवा गेले तर फळ्या निम्म्या लागलेल्या.
डोळ्यांना तार दिसत नाही आता, म्हणाला,
मुलगा सोलापूरला घेऊन जातोय.
बिस्किटांचा एक डबा पुढं सरकवला:
आत कार्बन ब्रश, जोड्या जोड्यांनी, दोऱ्यानं बांधलेले.
सहाही मशिनांचे. त्याला मापं पाठ होती.
जपून वापरलेत तर अकरा वर्षं जातील, बाई.
पैसे किती म्हटलं तर कानाला हात लावला त्यानं,
ऐकू येत नसल्यासारखा.

बसमध्ये डबा मांडीवर धरून हिशेब केला.
बासष्ट आणि अकरा.
पुन्हा केला. तेवढेच आले.

आज गुरुवार. लालची पाळी.
सोफ्याखाली निम्म्यावर आलो आणि वीज गेली.
त्याचा आवाज एकदम नाही थांबत,
खाली खाली उतरत जातो, मग
बाहेरची भाजीवाली ऐकू येते.
मी पाइप हातात धरून उभी आहे.
केरसुणी दाराआड आहे.
बघू, दहा मिनिटं वाट बघू.