सांधा

हलू नका, बोगुमिल.
कण्यात सुई आहे.

चाळीस वर्षं ग्दिन्याच्या गोदीत
उकिडवं बसून जोडले जहाजांचे पत्रे.
त्या सांध्यांचेही एक्स-रे निघायचे, म्हणाले,
रात्री, गोदी रिकामी करून.
आता स्वतः पालथे. मी टेबल कलतं करते.

औषध पडद्यावर उतरतं:
तिसऱ्या मणक्यापर्यंत सरळ,
चौथ्यापाशी चिंचोळं, सुतासारखं,
मग उतरतच नाही.

"गळतंय का कुठे?"
नाही. अडलंय.

हसले असावेत. पाठ हलली,
फोटो बिघडला. पुन्हा घेतला.

डोकं उंच ठेवा, पाणी भरपूर प्या, सांगितलं.

शुक्रवारी माझ्या गुडघ्यात
असंच काही भरणार आहेत.
हाल्शका असेल. ती कामाच्या वेळी बोलत नाही.
मीच विचारीन काहीतरी.