ओळ एकशे सत्त्याऐंशी

तीनशे बारा ओळी, साचा एकच:
विहीर कुणाची, क्षार किती,
पाणी योग्य की अयोग्य.
बटण दाबलं की जुनं इंदूर
एकेका पानाने बाहेर पडतं,
गरम, किंचित वाकलेलं.

एकशे सत्त्याऐंशीला प्रिंटर अडत नाही,
मीच अडते.
विहीर: बाफना, मल्हारगंज.
क्षार: ‘कुआँ पूर दिया’ मिलिग्रॅम.

आकड्याच्या घरात रेवारामने
बातमी लिहून ठेवली.
माझं घर मराठी, ऑफिस हिंदी;
मला आधी पूरच दिसला,
काठोकाठ.
मग कळलं, बुजवली.

साच्याने खाली छापलंय: पाणी योग्य.
आकडा नाही सापडला
की तो योग्यच धरतो.
सूत्र माझं.
सहीसुद्धा माझीच,
साच्यात आधीपासून बसवलेली.