अजमान, खोली ४०७

दारावर पाट्या एकेचाळीस,
आत टेबल एक, आणि मी.
बाकीच्या चाळीस कंपन्यांना
बसायला काही लागत नाही.

खिडकीखाली खाडी. लाकडी गलबतावर
फ्रीज चढतात, टायर चढतात.
त्या मालाला निदान वजन आहे.

सोमवारी परकार शिक्के घेऊन येतो,
चहा मागतो, कडक, वेलची नको,
आणि 'सल्ला' या शब्दापुढे
मी आकडा टाइप करतो.
कसला सल्ला, ते पहिल्या वर्षी विचारलं होतं.
"पुलाचा," तो म्हणाला, "कसा बांधू नये त्याचा."
दोघेही हसलो. पगार झाला होता.

पूल आमच्याच तालुक्यातला निघाला.
कागदावर तीनदा पुरा झालेला;
नदी मात्र अजून
भिकू तरवाल्यालाच ओळखते.

पैसा इथे येतो, हातपाय धुतो,
नाव बदलतो,
आणि निवडणुकीआधी न चुकता घरी जातो.
मला दोन वर्षांतून एकदा रजा.

काल अण्णांनी फोटो पाठवला:
सुरकुतलेली तर्जनी, नखावर शाई.
खाली लिहिलेलं,
तरीतून गेलो. पाणी अजून उतरलं नाही.
लढत चुरशीची आहे म्हणतात.

दोघांचीही बिलं मीच केली होती,
वेगवेगळ्या पाट्यांखाली.

फोटो बोटांनी मोठा केला तेव्हा दिसलं,
माझ्याही अंगठ्याला शाई होती,
शिक्क्याची, जांभळी.

साबणाने गेली.